कपाटातल्या चौदाशे उंदरांच्या नोंदी कशा जपायच्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेच्या वाट्याला विभागातलं जुनं लोखंडी कपाट आलं आहे. त्यात निवृत्त झालेल्या सरांचं १९८८ ते १९९६ या काळातलं काम आहे: ११ रजिस्टरं, स्लाइडचे ९ खोके, मेणात बसवलेल्या ऊतींच्या ब्लॉकचे ३ डबे. सुमारे १,४०० स्विस अल्बिनो उंदीर, रुग्णालयातल्या कोबाल्ट मशीनवर दिलेले गॅमा किरण, आणि किरणांपासून बचाव होतो का हे पाहायला त्यातल्या काहींना आधी पाजलेला डाळिंबाच्या सालीचा अर्क. यातून दोन पेपर छापून आले, बाकी सगळं तसंच पडून आहे. दिवाळीपूर्वी कपाट रिकामं करा, असा निरोप आला आहे. काय ठेवायचं, कसं ठेवायचं, आणि ते इतरांना द्यायचं का?

काहीही टाकू नका, आणि टाइप करायलाही इतक्यात घेऊ नका. आधी दोन माणसांना भेटा. एक तुमचे सर. दुसरा, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा, त्या काळी प्राणिगृहात काम करणारा माणूस. पिंजरे धुणारा, खाद्य घालणारा, सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन रात्रीत कोणता उंदीर मेला ते बघणारा. रजिस्टरातल्या निम्म्या नोंदी त्याच्याच हातच्या असतील. आज तो सत्तरीच्या आसपास असेल. कागद अजून काही वर्षं दम धरतील, पण त्या कागदावरच्या खुणांचा अर्थ सांगणारा माणूस तेवढा थांबेलच असं नाही.

हे मी ठेच लागून शिकलो. किरणांच्या जैविक परिणामांवर मी ३२ वर्षं काम केलं आणि त्यातली शेवटची काही वर्षं जुन्या नोंदी उकरण्यातच गेली. एका संस्थेच्या जुन्या रजिस्टरांत मृत्यूच्या रकान्यापुढे बऱ्याच ठिकाणी ‘खा.’ असं लिहिलं होतं. आम्ही तिघांनी बसून ठरवलं की हा रॅकचा खालचा कप्पा. त्याप्रमाणे चार महिने टाइप केलं. या उंदरांपुढे गाठीची नोंद नव्हती, म्हणून तिथे सरळ ‘गाठ नाही’ असं भरलं. मग एका लग्नात प्राणिगृहातले जुने मामा भेटले. सहज विचारलं, तर म्हणाले, “अहो, खा. म्हणजे खाल्लेला. रात्री एक मेला की पिंजऱ्यातले बाकीचे खातात त्याला. सकाळी शेपूट नि कातडं उरायचं. डॉक्टरांकडे काय पाठवणार?”

म्हणजे त्या उंदरांचं शवविच्छेदन झालंच नव्हतं. ‘पाहिलं आणि गाठ नव्हती’ आणि ‘पाहताच आलं नाही’ या दोन गोष्टी आम्ही एकाच खुणेखाली कोंबल्या होत्या. त्यातून होणारी चूकही एकाच दिशेला झुकणारी होती. मोठा डोस दिलेल्या पिंजऱ्यांत एकाच आठवड्यात बरेच उंदीर मरतात, त्यामुळे ‘खा.’ही तिथेच जास्त. परिणामी आमच्या तक्त्यात मोठ्या डोसला गाठी कमी दिसत होत्या. सगळं पुन्हा केलं. त्या मामांनी आणखी एक खूण उलगडली, ‘कु.’ म्हणजे कुजलेला. तीही आम्ही भलतीच समजलो होतो.

तेव्हा जाताना प्रश्नांची यादी नेऊ नका, रजिस्टर न्या. पान त्यांच्या हाताने उलटू द्या. मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करू का, असं आधी विचारा. आपल्याकडच्या बऱ्याच प्राणिगृहांत तेलुगू किंवा कन्नड बोलणारी माणसं होती. एखादी खूण मराठीत लागली नाही तर त्या भाषेत वाचून बघा. सरांना मात्र पेपरमध्ये न आलेलं विचारा. कोणता गट मध्येच सोडला आणि का? उंदीर कुठून आणले, घरचीच पैदास होती का? खाद्य कधी बदललं? ‘हे छापलं नाही’ असं ज्या कामाबद्दल ते म्हणतील, तिथे जास्त वेळ थांबा.

आता ठेवायचं काय, याबद्दल. एक उंदीर, एक ओळ. सगळ्या कामाचा कणा हाच आहे. छापलेल्या पेपरात गटाची सरासरी असते, टक्केवारी असते, आलेख असतो. त्या सरासरीतून पुन्हा उंदीर बाहेर काढता येत नाहीत. नवा प्रश्न घेऊन येणाऱ्याला प्रत्येक प्राण्याची जन्मतारीख, लिंग, पिंजरा, डोस, डोसची तारीख, मृत्यूची तारीख, मृत्यूचा प्रकार आणि आत काय सापडलं हे स्वतंत्र हवं असतं.

याचं मोल किती, ते जगातल्या मोठ्या संग्रहांवरून कळतं. अमेरिकेत अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९७० ते १९९२ या काळात ‘जेनस’ नावाने प्रयोग चालले. सुमारे ५० हजार उंदरांना न्यूट्रॉन किंवा कोबाल्ट-६०चे गॅमा किरण देऊन ते आयुष्यभर पाहिले गेले. बीगल जातीच्या कुत्र्यांवर युटा, डेव्हिस, आल्बुकर्की, हॅनफर्ड अशा ठिकाणी काही दशकं काम चाललं. कुत्रा बारा-पंधरा वर्षं जगतो, म्हणजे एका प्रयोगात संशोधकाची निम्मी नोकरी संपते. असे प्रयोग आज कोणी पुन्हा करणार नाही. पैसा नाही, परवानगी मिळणार नाही, आणि मिळू नये असंच माझं मत आहे. प्रयोगशाळा बंद होऊ लागल्या तेव्हा काही माणसांनी धावपळ करून हा ठेवा वाचवला. १९८९ च्या सुमारास अमेरिकेत राष्ट्रीय रेडिओबायोलॉजी संग्रह सुरू झाला. युरोपातल्या प्रयोगशाळांनी आपल्या नोंदी एकत्र केल्या, जपानने आपल्या. युरोपचा तो संग्रह पुढे जर्मनीच्या किरणोत्सर्ग संरक्षण कार्यालयाकडे गेला आणि ऑनलाइन खुला झाला. जेनसच्या उंदरांच्या नोंदी आणि ऊतींचे ब्लॉक शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गेल वोलोशाक यांच्या गटाने सांभाळले.

सांभाळून उपयोग काय झाला? कमी डोस सावकाश मिळाला तर धोका किती कमी धरायचा, हा किरण-सुरक्षेतला कळीचा प्रश्न आहे. किरणोत्सर्ग संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय आयोग त्यासाठी २ हा भाजक वापरतो. कमी डोसच्या धोक्याचा आढावा घेणाऱ्या अमेरिकेच्या बीयर-७ समितीने २००६ च्या अहवालात तो १.५ धरला, जपानमधल्या अणुबॉम्बमधून वाचलेल्यांच्या आणि प्राण्यांच्या आकड्यांवरून. पुढे २०१५ मध्ये वोलोशाक यांच्या गटाने जेनस आणि युरोपीय संग्रहातल्या एकेका प्राण्याच्या नोंदी घेऊन ते गणित पुन्हा मांडलं. बीयर-७ ने वापरलेलं सूत्र प्राण्यांच्या मृत्यूच्या आकड्यांवर नीट बसत नाही, असं त्यांना दिसलं. त्यासाठी एकही नवा उंदीर मारावा लागला नाही. केवळ सरासऱ्या उरल्या असत्या, तर हा वाद उभाच करता आला नसता.

तुमचे १,४०० उंदीर त्या मानाने थोडे आहेत. तरी मी त्यांना कमी लेखणार नाही. दख्खनच्या उन्हाळ्यात ठेवलेल्या स्विस अल्बिनोंच्या, किरण न दिलेल्या नियंत्रण गटासकट, इतक्या वर्षांच्या सलग नोंदी माझ्या पाहण्यात फारशा आलेल्या नाहीत.

आता डोसबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण जुन्या कामात सगळ्यात जास्त घोळ इथेच असतो. रजिस्टरात नुसतं ‘६००’ असेल. ६०० काय? रॉन्टजेन की रॅड? दोन्ही किरण मोजायची जुनी एककं, आज ग्रे वापरतात. कोबाल्टच्या गॅमासाठी १ रॉन्टजेन म्हणजे मऊ ऊतीत साधारण ०.९६ रॅड. १०० रॅड म्हणजे १ ग्रे. म्हणजे तो आकडा ६ ग्रे असेल किंवा ५.७६ ग्रे. फरक चार टक्क्यांचा दिसतो, पण तीस दिवसांत निम्मे उंदीर मरतात त्या डोसच्या आसपास मृत्यूची चढण इतकी उभी असते की चार टक्क्यांनी निकाल हलतो. म्हणून मूळ आकडा जसाच्या तसा एका रकान्यात, मूळ एकक दुसऱ्या रकान्यात, आणि तुम्ही काढलेला ग्रेमधला डोस तिसऱ्या, वेगळ्या रकान्यात. मूळ आकडा खोडून त्यावर रूपांतर लिहायचं नाही. तुमचं रूपांतर चुकलं असेल तर पुढच्या माणसाला ते दुरुस्त करता आलं पाहिजे.

एक ताळा तुम्हाला घरबसल्या करता येईल. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं आहे. दर महिन्याला साधारण एक टक्का जोर कमी होतो. १९८८ ते १९९६ या आठ वर्षांत स्रोत बदलला नसेल, तर त्याची ताकद ३५ टक्क्यांवर आलेली असणार. १९८८ मध्ये ज्या डोसला ६ मिनिटं लागायची, त्याला १९९६ मध्ये सतरा मिनिटांच्या वर लागायला हवीत. रजिस्टरात मिनिटं लिहिलेली असतील तर तारखेनुसार आलेख काढून बघा. रेघ सावकाश चढत गेली, तर सरांनी दर वेळी नव्याने हिशोब केला होता. मध्येच धपकन खाली आली, तर त्या दिवसाच्या आसपास स्रोत बदलला. आणि मिनिटं आठही वर्षं तीच राहिली असतील, तर कागदावरचा डोस खरा नाही आणि हे लपवायचं नाही. तो शोध नोंदींबरोबर लिहून ठेवायचा. असे उंदीर वाया जात नाहीत, कारण खरा डोस मागे मोजत जाऊन काढता येतो.

हे सगळं ज्या रुग्णालयाच्या मशीनवर झालं, तिथल्या भौतिकतज्ज्ञाची आउटपुट मोजमापाची, म्हणजे मशीन मिनिटाला किती डोस देतं याची वही मिळते का पाहा. स्रोतापासून अंतर किती, उंदीर ठेवायचा डबा कोणत्या प्लास्टिकचा, भिंत किती जाड, अर्ध्या वेळाने डबा उलटा करायचे का? कोबाल्टच्या किरणांचा पूर्ण डोस त्वचेखाली साधारण अर्धा सेंटिमीटर आत गेल्यावर मिळतो. दोन सेंटिमीटर जाडीच्या प्राण्यात अर्धा सेंटिमीटर ही मोठीच गोष्ट आहे. डबा अजून प्राणिगृहाच्या माळ्यावर सापडला तर त्याचे फोटो काढा, मापं घ्या, आणि तोही या नोंदींबरोबर ठेवा.

डाळिंबाच्या सालीचंही तसंच. १९९०च्या आसपास सांगोला, पंढरपूर, सोलापूर पट्ट्यात बागांमध्ये गणेश जात होती. आज बाजारात भगवा आहे. ‘डाळिंबाची साल’ एवढंच लिहिलं तर पुढचा वाचणारा भगवा समजेल. साल कुठल्या बागेतली, कुठल्या महिन्यातली, वाळवली कशी, अर्क पाण्यात की अल्कोहोलमध्ये, प्रत्येक वेळी ताजा की एकदाच करून फ्रीजमध्ये ठेवलेला, पाजला की टोचला, किरणांआधी किती वेळ? तुळशीवर मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजात त्याच दशकात असंच काम झालं आणि त्यातून अर्कातली ओरिएन्टिन, व्हिसेनिन ही नेमकी द्रव्यं हाती लागली. तुमच्या अर्कात काय होतं हे आज तपासता येणार नाही, पण तो कसा केला हे कळलं तर कोणीतरी पुन्हा तसाच करून बघू शकेल.

सोलापूरच्या उन्हाचा मुद्दा इथे येतो, आणि बाहेरच्या कुठल्याही मार्गदर्शिकेत तो सापडणार नाही. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ च्या पुढे जातो. प्राणिगृहात कूलर, आणि वीज गेली की तोही बंद. शनिवारी रात्री मेलेला उंदीर सोमवारी सकाळपर्यंत तपासण्याच्या लायकीचा राहत नाही. म्हणजे उन्हाळ्यात ‘कु.’ जास्त आणि गाठींच्या नोंदी कमी असणार. तेव्हा नियंत्रण गटातले, म्हणजे किरण न दिलेले उंदीर महिन्यावार मोजून बघा. मे महिन्यातल्या एकाच आठवड्यात त्यातले आठ-दहा गेले असतील, तर ते किरणांचं काम नाही, उन्हाचं आहे. हवामान खात्याच्या सोलापूर केंद्राचे रोजच्या तापमानाचे आकडे मागवता येतात. ते त्या तारखांना जोडून द्या. मृत्यूचा प्रकार लिहिताना आपणहून मेला, ठरल्या दिवशी तपासणीसाठी मारला, आजारी दिसला म्हणून मारला, अपघाताने गेला, हरवला, अशा वेगवेगळ्या खुणा ठेवा. आयुर्मानाच्या गणितात ठरल्या दिवशी मारलेल्या उंदराचं आयुष्य ‘निदान इतकं’ असं धरतात. त्याला आपणहून मेलेल्यांत मिसळलं की सगळा आलेख डावीकडे सरकतो.

यानंतर टाइप करायला घ्या. पण त्याआधी प्रत्येक पानाचं स्कॅनिंग, कोरी पानं आणि मुखपृष्ठं धरून. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेल्या हिशोबातच कधीकधी डोसचं रहस्य असतं. विभागातला साधा स्कॅनर पुरेल, ४०० डीपीआयवर रंगीत करा. शाई फिकी झाली असेल तर रंगातच ती वेगळी दिसते.

टाइप करताना आपल्याकडची एक खास अडचण येते. मामा आकडे मराठीत लिहायचे, विद्यार्थी इंग्रजीत, आणि एकाच पानावर दोन्ही. मराठी ४ घाईत लिहिला की इंग्रजी आठसारखा दिसतो. मराठी १ इंग्रजी नऊसारखा. पिंजरा ४१ चा एकोणनव्वद होतो आणि एका उंदराच्या नोंदी दुसऱ्याच्या नावावर जातात. यावर उपाय एकच. दोघांनी एकमेकांचं न बघता स्वतंत्र टाइप करायचं, मग दोन्ही फाइली संगणकावर ताडून जिथे फरक येईल तिथे मूळ पान उघडायचं. एमएस्सीच्या दोन मुली महिनाभर रोज दोन तास बसल्या तर काम होईल. त्यांचं नाव या कामात लेखक म्हणून जायला हवं, हे आधीच ठरवा.

तारखा वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लिहा. एक्सेल ३/४ ला कधी ३ एप्रिल करतं, कधी ४ मार्च. मार्च, सेप्टसारखी नावं असलेल्या जनुकांच्या तर त्याने इतक्या तारखा केल्या की मानवी जनुकांच्या नामकरण समितीने २०२० च्या सुमारास त्या जनुकांचीच नावं बदलली. रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ ठेवा आणि शेवटी सगळं साध्या सीएसव्ही फाइलमध्ये काढा. ती पन्नास वर्षांनीही उघडेल. रिकामी चौकट म्हणजे काय, शून्य म्हणजे काय, ‘तपासलं नाही’ म्हणजे काय, हे वेगळ्या फाइलमध्ये रकान्यागणिक लिहा, सोप्या इंग्रजीत आणि शेजारी मूळ मराठी खूण. ‘खा.’ला ‘खा.’च राहू द्या, अर्थ बाजूला लिहा.

यंत्रमागावर ताणा एकदा नीट भरला की बाणा कितीही टाका, कापड जुळतं. इथे ताणा म्हणजे उंदराचा क्रमांक. रजिस्टर, स्लाइड, ब्लॉक, वजनाची वही, सगळीकडे तोच क्रमांक हवा. जुना क्रमांक वर्षागणिक पुन्हा एकपासून सुरू होत असेल, आणि बहुधा होतच असेल, तर त्याच्या आधी वर्ष जोडून नवा करा. जुना क्रमांक मात्र शेजारच्या रकान्यात तसाच ठेवा.

ब्लॉक आणि स्लाइडबद्दल. कोणीतरी तुम्हाला घाबरवेल की हे ‘रेडिएशनचे डबे’ आहेत, हात लावू नका. कोबाल्टच्या गॅमा किरणांनी ऊती किरणोत्सर्गी होत नाहीत. किरण आले, गेले, मागे काही राहत नाही. प्रश्न येतो तो किरणोत्सर्गी द्रव्य प्राण्याच्या शरीरात घातलं असेल तर. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८ दिवस, फॉस्फरस-३२ चं १४ दिवसांच्या आसपास, तीस वर्षांत त्यांचा मागमूस उरत नाही. स्ट्रॉन्शियम-९० चं मात्र जवळजवळ २९ वर्षं आहे. म्हणून सरांना एकदा स्पष्ट विचारा, आणि रजिस्टरात असं काही दिसलं तर रुग्णालयाच्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरकडून डब्यांची तपासणी करून लेखी घ्या. तो कागदही संग्रहात राहील.

ब्लॉकचं मेण ५६ ते ६० अंशांना वितळतं. पत्र्याच्या छताखालच्या कपाटात, मे महिन्यात, ते मऊ पडून एकमेकांना चिकटतात आणि लेबलं सुटतात. त्यांना तळमजल्यावरच्या, भिंतीवर पश्चिमेचं ऊन न येणाऱ्या खोलीत हलवा. कापलेल्या बाजूवर पातळ मेणाचा थर द्या. वाळवी आणि झुरळांपासून जपा. जेनसच्या संग्रहातल्या अशाच जुन्या ब्लॉकमधून १९९०च्या दशकात डीएनए काढून फुप्फुसाच्या गाठींमधल्या आरबी आणि पी५३ या जनुकांचा अभ्यास झाला. ब्लॉक भरले तेव्हा हे तंत्र कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. स्लाइडचे रंग उडतात, म्हणून निदान गाठ असलेल्या स्लाइड लवकर स्कॅन करून घ्या. एका स्लाइडची फाइल कित्येकदा एक जीबीच्या वर जाते, तेव्हा सगळ्यांचा हट्ट नको. आणि निदानाचे शब्द जसे लिहिलेत तसे ठेवून, शेजारच्या रकान्यात आजची प्रमाणित संज्ञा एखाद्या पॅथॉलॉजिस्टकडून भरून घ्या. युरोपीय संग्रहातही जुने शब्द पॅथॉलॉजिस्टांना बसवून एकाच परिभाषेत आणावे लागले. मोठं कंटाळवाणं काम होतं ते, पण त्याशिवाय दोन प्रयोगशाळांचे उंदीर एकत्र मोजता येत नव्हते.

परवानगीचं काम कंटाळवाणं वाटेल पण ते टाळू नका. नोंदींचे मालक सर एकटे नाहीत, संस्था आहे. अनुदान मिळालं असेल तर त्या खात्याच्या अटी आहेत. प्राचार्यांना एक पानाचं पत्र द्या, सरांची लेखी संमती जोडा. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी संस्थेत नीतिसमिती हवी, असे नियम आपल्याकडे १९९८ मध्ये आले. त्याआधीच्या कामाला नीतिसमितीचा क्रमांक नसेल, तर ‘त्या काळी अशी समिती नव्हती’ असंच लिहा. मागची तारीख घालून कोणताही कागद तयार करू नका. आणि रजिस्टरात कर्मचाऱ्यांची नावं, कोणाच्या डोस-बॅजचे, म्हणजे कर्मचाऱ्याला किती किरण लागले ते मोजणाऱ्या बिल्ल्याचे आकडे असतील, तर खुल्या प्रतीतून ते काढा. माणसांची ती खासगी माहिती आहे.

द्यायचं कुठे? किरण-संशोधनासाठी खास ‘स्टोअर’ नावाचा संग्रह आहे, जर्मनीचं तेच कार्यालय तो चालवतं, आणि तिथे नोंदींना कायमचा डीओआय क्रमांक मिळतो. युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेचं ‘झेनोडो’ही चालेल, तिथे एका संचाला ५० जीबीपर्यंत जागा फुकट मिळते आणि तूर्त फाइली बंद ठेवून फक्त वर्णन उघडं ठेवायची सोय आहे. एक प्रत तिथे, एक विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या सर्व्हरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुसऱ्या इमारतीत. वर्षातून एकदा फाइली उघडून पाहा. गड्ड्याची यात्रा झाली की, अशी खूणगाठ बांधली तर विसरणार नाही.

“कोणी चोरलं तर?” ही भीती मला दर वेळी ऐकू येते. डीओआय असलेल्या नोंदी वापरून नाव न घेणं हे सापडणारं गैरकृत्य आहे. कपाटात पडलेल्या नोंदींना तर तेवढंही संरक्षण नाही. “आमच्या चुका दिसतील” ही दुसरी भीती, आणि ती जास्त खरी आहे. दिसतील. मी माझ्या ‘खा.’ची गोष्ट त्या नोंदींच्या वर्णनात सविस्तर लिहिली आहे. त्यानंतर ज्या दोन गटांनी त्या नोंदी वापरल्या, त्यांनी नेमका तोच परिच्छेद वाचून आपलं गणित बदललं.

आपल्या जिल्ह्याला हे काम परकं नाही. बार्शीत १९८७ मध्ये भारतातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली, आणि बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावोगाव जाऊन माणसं नोंदी घेत राहिली. तिथल्या लोकांना जाऊन भेटा. रुग्ण सुटला कसा, दोनदा मोजला कसा, गावाचं नाव बदललं तर काय करायचं, याची उत्तरं त्यांनी रोजच्या कामातून काढलेली आहेत, आणि उंदरांच्या रजिस्टरांनाही ती लागू पडतील.

दिवाळीचं म्हणाल, तर कपाट रिकामं करायला हरकत नाही. रजिस्टरं आणि ब्लॉक तुमच्या खोलीत न्या, प्राचार्यांना यादी देऊन पोच घ्या. मग पहिल्या रजिस्टराची पहिली ५० पानं दोघींकडून टाइप करून घ्या, ताडून बघा, आणि न लागणाऱ्या खुणांची यादी घेऊन तुमच्या प्राणिगृहातल्या मामांकडे पुन्हा जा. या दुसऱ्या भेटीत ते पहिल्यापेक्षा जास्त सांगतील.